पळीभर तेल

माझा नवरा सुट्टीच्या दिवशी ज्या गाडीवर बसून धुळ्याबाहेरच्या माळावर माती उडवतो, त्या गाडीचा कार्बोरेटर मी सांभाळते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग नवऱ्याकडे बघतात, आणि तो मान डोलावतो तेव्हा पुन्हा माझ्याकडे बघतात. मला या तिन्ही बघण्यांचा सारखाच राग येतो. फैजपूरला केळीच्या बागेत वाढलेल्या पोरीला टू-स्ट्रोक इंजिन नवं नसतं. पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप टू-स्ट्रोकच असतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, त्यावर तो चालतो. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो, जास्त झालं तर प्लग ओला होऊन भर बागेत बंद पडतो. मग वडील लांबूनच ओरडायचे, "प्लग खोल!" आणि मी पाना घेऊन पळायची. लग्नाच्या वेळी मला पोळ्या गोल येत नव्हत्या, पण काळा पडलेला प्लग बघून त्याला काय झालंय ते सांगता येत होतं.

आता मी धुळ्यात एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर माणसांचं रक्त-लघवी तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी गाडीचा प्लग. काम तेच. रंग बघायचा, आत काय चाललंय ते ओळखायचं. प्लगचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं तपकिरी असेल तर इंजिन खूश आहे. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळं, ओलं आणि चकचकीत असेल तर तेल जास्त झालंय. आणि पांढरं पडलं असेल तर मात्र हसणं बंद करायचं, कारण पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून भाजतंय, आणि कुठल्याही क्षणी पिस्टन सिलेंडरला चिकटेल.

तो चिकटला म्हणजे काय होतं, ते आमच्या घराने जळगावला बघितलं आहे.

आमची गाडी मूळची रस्त्यावरची, जुनी टू-स्ट्रोक. फ्रेमला जोड देऊन, मागचे शॉक बदलून, दातेरी टायर घालून नवऱ्याने ती मातीची केली. तेलाचा वेगळा पंपही काढून टाकला, म्हणजे तेल हाताने पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. गेल्या वर्षी जळगावच्या शर्यतीत सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात असताना कार्बोरेटरच्या मागचं रबर चिरलं, बाहेरची हवा आत शिरली, पेट्रोल कमी पडलं आणि पिस्टनने धरलं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी थांबली, नवरा थांबला नाही. गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना तडे गेले आणि हेल्मेट पुढून असं घासलं गेलं होतं की मी ते अजून माळ्यावरून खाली काढलेलं नाही.

त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. तिथे होते ते माझे सासरे.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. उभी हयात त्यांनी धुळ्याच्या स्टँडबाहेरून प्रवासी जीप चालवली. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर काढून, डाव्या-उजव्याला माणसं लटकवून. इंजिनाच्या आवाजाने एक कान गेला आणि दुसराही अर्धाच उरला. सासूबाई मी घरात येण्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि तिघांचंही डोकं गरम. जळगावला पोरगा मातीत पडलेला असताना नाना कुंपणाच्या दोरीखालून वाकून त्याच्याकडे धावले होते, एवढं मला इतरांनी सांगितलं. नाना स्वतः त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याचं हाड जुळलं, गाडीला नवा पिस्टन पडला, तो पुन्हा सरावाला जायला लागला, तेव्हाही त्यांनी अडवलं नाही. फक्त मैदानावर यायचं बंद केलं. मला वाटलं, म्हातारा मोठ्या मनाचा आहे. आपल्या वडिलांपेक्षा बरा, असंही वाटलं.

पिस्टन बसवला त्याच दिवशी मी सांगून टाकलं की यापुढे कार्बोरेटरला आणि तेलाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेल मी लॅबमधल्या मोठ्या सिरिंजने मोजायची. आदल्या संध्याकाळी पेट्रोलचा डबा भरायचा, सिरिंजने तेल सोडायचं, डबा हलवायचा आणि ओट्यावर दाराआड ठेवून द्यायचा. थेंब इकडचा तिकडे होत नसे.

तरी प्लग काळे पडायला लागले.

गाडी सुरू होई, पहिली फेरी बरी जाई, मग आवाज जड होई. भर्रर्र, भर्रर्र, जणू घशात कफ अडकलाय. मागे निळ्या धुराचा लोट. आणि नेमकं सुरुवातीच्या रेषेवर, झेंडा पडायच्या आधी, गप. नवरा किका मारून घामाघूम, बाकीचे निघून गेलेले. पोरं ओरडायची, "अरे, डासांच्या धुरळणीची गाडी आली रे!" नवरा वरून हसायचा. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. नाना मात्र संध्याकाळी न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे आणि नवा प्लग आणून टीव्हीवर ठेवायचे. मला त्यांची ही रीत फार आवडायची.

मी प्रत्येक प्लग उजेडात धरून बघायची. ओला, काळा, चकचकीत. कुणीही सांगेल की तेल जास्त आहे. पण तेल तर मी मोजलेलं! मग तेल नाही, हे मी मनात पक्कं केलं. उरलं काय? पेट्रोल. कार्बोरेटरमध्ये हरभऱ्याच्या दाण्याएवढा पितळी जेट असतो, त्याला मधोमध केसासारखं भोक असतं. त्या भोकावर नंबर असतो. नंबर लहान, भोक लहान, पेट्रोल कमी. मी एक नंबर उतरले. प्लग काळाच. आणखी एक उतरले. तरी काळाच. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. त्यात नवरा रोज डोकं खायचा.

"आणखी एक उतर," तो म्हणायचा.

"वेडा आहेस का? थंडी पडायला लागली. थंड हवा घट्ट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. नंबर चढवायला हवा, उतरवायला नाही."

"मग प्लग काळा का?"

पुस्तक सांगत होतं चढव, प्लग सांगत होता उतर. मी प्लगचं ऐकलं. प्लग खोटं बोलत नाही, असं मी फैजपूरपासून ऐकत आले होते.

याच दिवसांत स्वयंपाकघरातली तेलाची छोटी पळी नाहीशी झाली. आमच्याकडे भाजीवर बोटभर तवंग नसला तर पाहुणा नाराज होऊन उठतो, त्यामुळे पळीवाचून माझं रोज अडायचं. नानांना विचारलं तर म्हणाले, दाराचं बिजागर करकरतं म्हणून घेतली असेल, सापडेल. बिजागर करकरतच राहिलं. मी नवी पळी आणली आणि विसरून गेले.

मग थंडीतली ती शर्यत आली. मैदान धुळ्याच्या बाहेर, महामार्गापासून थोडं आत. आदल्या दिवशी जेवताना नवऱ्याने ताटावरूनच जाहीर केलं, "उद्या गाडी बंद पडली, तर परवा विकून टाकतो. पुरे झालं हसं." शेवटचा नंबर मी त्याच दुपारी उतरवला होता आणि ते मनाला लागून राहिलं होतं. नानांनी घास तोंडाशी थांबवून त्यांच्या अहिराणीत विचारलं, "इकी टाकशी? नक्की?" नवरा हो म्हणाला. नानांनी मग भात घेतला, वर तेल घेतलं आणि सांगितलं की उद्या तेही येणार. नवऱ्याला इतका आनंद झाला की तो ताट घेऊन उठला आणि पुन्हा बसला.

सकाळी गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पिकअपमध्ये मागे गाडी बांधलेली, शेजारी पेट्रोलचा डबा, पुढे आम्ही तिघं. नानांच्या मांडीवर कापडी पिशवी. मी म्हटलं, मागे ठेवते, तर म्हणाले, राहू दे, शाल आहे. महामार्गावर एका गतिरोधकावर पिकअप उडाली आणि मागे काहीतरी आपटलं. थांबून बघितलं तर डबा आडवा, झाकण निघालेलं, आदल्या दिवशी मिसळलेलं सगळं पेट्रोल पत्र्यावरून रस्त्यावर.

मला फार काही वाटलं नाही. पुढे पंप होता, सिरिंज माझ्याजवळ होती, तेलाची बाटलीही. पण नाना खाली उतरून त्या ओल्या पत्र्याकडे बघत उभे राहिले.

"बठ्ठं सांडनं का?" त्यांनी विचारलं.

"सांडू द्या ना, नाना. पंपावर नवं मिसळते."

"आते लगेच? तू मिसळशी? आमनासमोर?"

आता बायकोने नवऱ्यासमोर आणि सासऱ्यासमोर पेट्रोल मिसळण्यात काय आहे, ते मला कळेना. पेट्रोल सांडल्यावर माणूस हळहळतो, चिडतो. नानांचा चेहरा मात्र पडला होता. मी तो बघितला आणि गडबडीत सोडून दिला. पंपावर डबा भरला, सिरिंजने तेल सोडलं, डबा हलवला. नाना शेजारी उभे होते. त्यांची नजर डब्यावरून हलली नाही.

मैदानावर टाकी भरली आणि नवरा सरावाच्या फेरीला गेला.

मला तो आवाज आठवतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाडी मोकळ्या गळ्याने ओरडली. कफ नाही, धुराचा लोट नाही, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की सरळ वर जाणारा कडक, कोरडा आवाज. आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. धुरळणीवाले गप्प झाले. नवरा माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याने डावा हात सोडून मूठ हवेत उडवली आणि मी दोन्ही हात वर करून ओरडले. मला रडू फुटायच्या बेतात होतं. जमलं होतं! शेवटचा नंबर बरोबर होता!

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. त्याच्यामागे गेलं की गाड्या दिसतही नाहीत आणि आवाजही दबतो. नवरा बांधाआडून बाहेर आला, सरळ पट्ट्यावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला, आणि त्या कडक आवाजाच्या टोकाला मला काहीतरी बारीक ऐकू आलं. स्टीलच्या डब्यात खडा वाजावा तसं. मी वर केलेले हात खाली घेतले. आवाज फार छान होता. नको इतका छान होता. प्लग बघितल्याशिवाय राहवणार नव्हतं, म्हणून मी पाना आणायला पिकअपकडे गेले.

पिकअपच्या मागे नाना उकिडवे बसले होते. समोर पेट्रोलच्या डब्याचं झाकण उघडं. शेजारी कापडी पिशवी, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली टू-स्ट्रोक तेलाची बाटली. आणि हातात माझी पळी. तीच, दांड्याला पोचा आलेली.

पळी तेलाने काठोकाठ भरलेली होती.

"नाना, काय करताय?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं, पळी लपवायचा प्रयत्न केला, तेल धोतरावर सांडलं.

"थोडंसं टाकस मी," ते म्हणाले. "इंजिनले बरं. तेल जास्त व्हयनं म्हनीसन कोनी मरत नही."

"कधीपासून टाकताय?"

ते धोतरावरचं तेल पुसायला लागले.

"नाना, कधीपासून?"

"तू डबा ठेवस ना दाराआड. दर खेपले."

सांगायला वेळ लागतोय, पण माझ्या डोक्यात ते सगळं एका झटक्यात बसलं. प्लग काळा होता तो यांच्या तेलाने. मी तो बघून पेट्रोल कमी करत गेले. इंजिन आतून भाजत आलं होतं, पण याच जास्तीच्या तेलाने ते कसंबसं वाचत होतं आणि याच तेलाची काजळी मला खरा रंग दिसू देत नव्हती. आज ते तेल नव्हतं. गारठ्याची घट्ट हवा, केसाएवढ्या भोकाहूनही बारीक भोक, आणि तेल नेमकं माझ्या सिरिंजच्या मापाचं. जळगावला रबर चिरलं होतं म्हणून झालं. इथे मी स्वतःच्या हाताने तेच करून ठेवलं होतं, आणि माझा माणूस त्यावर बसला होता.

मागे माइकवर आमच्या गटाचं नाव पुकारलं गेलं.

मी धावले. साडी नव्हती, सलवार होती, तेवढं बरं. गाड्या रेषेवर लागल्या होत्या, सगळ्या गुरगुरत होत्या. दोरीपाशी एका कार्यकर्त्याने हात आडवा केला, "ताई, आत नाही जाता येणार." मी त्याच्या हाताखालून गेले. नवरा रेषेच्या पार पलीकडच्या टोकाला, नजर समोर, कानावर हेल्मेट. घरात नानांसमोर मी त्याला अहो म्हणते. तिथे बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे बंद कर! बंद कर ती!" त्याने वळून बघितलं, त्याला वाटलं मी हुरूप देतेय. त्याने मान हलवली आणि पुन्हा समोर बघितलं. झेंडेवाल्याने झेंडा वर नेला. सगळ्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळले. मी गाड्यांच्या पुढून आडवी पळत गेले, कोण काय ओरडलं ते मला माहीत नाही, आणि चालू गाडीच्या प्लगची टोपी धरून उपटली.

खांद्यापर्यंत झटका बसला. दात एकमेकांवर आपटले. पण गाडी मेली.

झेंडा पडला. बाकीच्या गाड्या माती उडवत निघून गेल्या आणि रेषेवर आम्ही दोघं उरलो, तोंडात माती घेऊन. त्याने हेल्मेट काढलं. इतका चिडलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"तुले येड लागनं का?" तो ओरडला. माझ्याशी तो कधी अहिराणीत बोलत नाही. "आज! आज पहिल्यांदा चालली ती! आणि तू बंद पाडलीस? तू?"

मी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. कार्यकर्त्यांनी आम्हाला गाडीसकट बाहेर काढलं, चार शब्द ऐकवले, ते आम्ही ऐकून घेतले. पिकअपजवळ आल्यावर मी पाना त्याच्या हातात दिला.

"खोल."

त्याने रागारागात प्लग खोलला. गरम होता, बोटं भाजली, फडक्यात धरला. प्लग पांढरा होता. चुन्यासारखा. त्या पांढऱ्यावर वाळूहूनही बारीक चमकदार दाणे चिकटले होते. ते दाणे कसले असतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पिस्टन वितळायला लागला होता.

नवरा गाडीला टेकला. गळ्याच्या हाडाच्या जागी त्याचा हात आपोआप गेला, जिथे अजून गाठ लागते.

"इतका बारीक जेट टाकलास तू?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुला कळत होतं ना? तूच सांगत होतीस चढवायला हवा म्हणून. शर्यतीत सरळ पट्ट्यावर हिने धरलं असतं तर?"

खोटं नव्हतं त्यात काही. जेट माझ्याच हातचा होता. नाना दोन हातांच्या अंतरावर उभे होते, धोतरावर तेलाचा डाग, पळी अजून हातात. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. म्हातारं माणूस, सवयीने सैल हात, भाजीत टाकतात तसं इंजिनात टाकलं. पोरासमोर त्यांना उघडं पाडून काय मिळणार होतं? ऐकून घेऊ, म्हटलं.

"तिले काही बोलू नको," नाना म्हणाले. "तेल मी टाकेल शे. दर खेपले. प्लग माले काया कराना व्हता."

नवऱ्याला कळलं नाही. मलाही नाही.

"कसाले, नाना?"

"गाडी बंद पडो म्हनीसन." त्यांचा आवाज मोठा होता, कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तसा. शेजारच्या पिकअपमधली माणसंही वळली. "जयगावले तू पडना, तवय मी तठेच व्हतू. तू उठे नही. मी तुले हाक मारू, तू उठे नही. तुले नको म्हनतू, तं तू ऐकता? बंद पडेल गाडी कोनले मारस नही, बेटा. तू चिडशी, इकी टाकशी. माले तेवढंच पाहिजे व्हतं."

म्हणजे सैल हात नव्हताच. जन्मभर इंजिनांत हात घातलेला माणूस, त्याला नेमकं माहीत होतं की किती पळ्या टाकल्या की प्लग मरतो, आणि आजचा दिवस चुकू नये म्हणून बाटलीही बरोबर आणली होती. आणि संध्याकाळी टीव्हीवर ठेवलेला नवा प्लग? तो पोराच्या पडलेल्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून. एका हाताने मारायचं, दुसऱ्या हाताने आणून द्यायचं. मला त्यांचा इतका संताप आला की काही तरी उचलून फेकावंसं वाटलं. पोराला वाचवायला निघाले आणि त्याला जिवानिशी घालवणार होते. पण त्याच वेळी माझा खांदा ठणकत होता, आणि त्या ठणक्याने मला आठवण करून दिली की दहा मिनिटांपूर्वी चालती गाडी मी बंद पाडली होती. त्यांनी पळीने पाडली, मी हाताने.

नवरा प्लग फडक्यात गुंडाळून नानांजवळ गेला, त्यांच्या हातातली पळी घेतली, आपल्या शर्टाला पुसली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"हाऊ रस्ता नव्हता, नाना," तो म्हणाला. "नको असं सांगाले पाहिजे व्हतं."

"सांगतू तं ऐकता?"

"नही," नवरा म्हणाला. "पन सांगाले पाहिजे व्हतं."

प्रत्येक गटाच्या दोन शर्यती असतात. दुसरी बाकी होती. मी त्याला विचारलं नाही, जाणार का म्हणून. त्याने मला विचारलं, "चढवतेस का?" मी कार्बोरेटर उतरवला. उतरवलेले सगळे नंबर माझ्या डबीत होते. उन्हाळ्यात जो होता, त्याच्याही वरचा जेट काढला आणि बसवला. बोटं अजून नीट चालत नव्हती, पितळी दाणा एकदा मातीत पडला, तो पेट्रोलने धुऊन, तोंडाने फुंकून, आभाळाकडे धरून भोक बघितलं. सिलेंडरमध्ये बॅटरी मारून बघितलं, पिस्टनचा माथा खरवडल्यासारखा झाला होता, भोक नव्हतं. किक हाताने हळू दाबली, अडकत नव्हती. चालणार होतं. मी देवाला काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं.

प्लग नवा लागणार होता. नानांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिला. आजही घेऊनच आले होते, संध्याकाळसाठी.

मी एक फेरी चालवायला लावली, प्लग खोलला. तपकिरी होता. नवऱ्याला दाखवला. मग नानांनाही दाखवला, डोळ्यांसमोर धरून. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं.

दुसरी शर्यत सुरू झाली तेव्हा नाना मैदानाकडे पाठ करून महामार्गाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी, मैदानाकडे तोंड करून. गाड्या समोरून गेल्या, आमचा मधेच कुठेतरी, आवाज भरलेला, गोल, खडा वाजत नव्हता. मग बांधाआड गेल्या. आवाज दबला. नानांना तर तेवढाही ऐकू येत नव्हता.

"उना का?" त्यांनी विचारलं.

बांधाच्या टोकाला माती नुसती तरंगत होती. एक गाडी बाहेर आली, दुसरी आली. आमची नाही. मग तो आला.

"आला, नाना."

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. बांधाआड गेले की लगेच त्यांचा आवाज, "उना का?" मी त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हात मागे बांधलेले, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं आवळलेलं की बोटं पांढरी पडली होती. तेवढ्या वेळात ते जळगावला जाऊन येत होते, दर फेरीला.

त्यानंतर मी वाट बघितली नाही. गाड्या बांधाआड गेल्या आणि त्यांनी विचारलं की मी लगेच सांगायची, "आला, नाना." शर्यत संपेपर्यंत दर वेळी तसंच सांगितलं, रिकाम्या बांधाकडे बघत.